उलटं फिरणारं हँडल

दुसऱ्याच्या हातातली वस्तू त्याला न विचारता सुधारून द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

हा प्रश्न मी हवेत सोडत नाहीये. तो माणूस तुमच्यातच आहे. शेजाऱ्याच्या गाडीचा आरसा जाता जाता फिरवून ठेवणारा, दुसऱ्याच्या चहात परस्पर साखर कमी सांगणारा, म्हाताऱ्या माणसाच्या मोबाईलमधली अक्षरं त्याला न विचारता मोठी करणारा आणि वर कौतुकाची वाट बघत तिथंच उभा राहणारा. अशाच एकानं माझ्या आत्याच्या मासे धरायच्या रीलचा एक खटका गोंद घालून कायमचा बंद केला. खटका नखाएवढा होता. माझा राग बराच मोठा आहे आणि तो आवरता घ्यायचा माझा विचार नाही.

माझा स्वभाव असा का, ते आधी सांगते. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. कामगारांची, भाडेकरूंची, नदीच्या पाण्याची, ज्या वेळी जे चालू असेल त्याची पत्रकं छापून आमच्या बाहेरच्या खोलीत गठ्ठ्यानं येऊन पडायची आणि त्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडं असायचं. मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. शाळेत बाईंनी 'आमची सहल' हा निबंध घातला, तर मी शेवटी मागण्या लिहिल्या. बाईंनी लाल शाईत विचारलं, 'मागण्या कुणाकडे?' मला अजून वाटतं की सहलीच्या बसमध्ये पोरं उभी राहून जात असतील तर मागणी करायलाच पाहिजे, कुणाकडे ते नंतर बघता येतं.

आत्यानं मात्र आयुष्यात एक पत्रक वाचलेलं नाही. शिवाजी पेठेत तिचा डंक होता. डंक म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका मिरच्या, कांदा, लसूण, खोबरं घेऊन चटणी कांडून घ्यायला तिच्या दारात बसायच्या. त्या धडधडीवर आवाज चढवून बोलण्यात तिची सगळी वर्षं गेली. त्यामुळं ती आताही समोरच्याशी तो गल्लीच्या टोकाला उभा असल्यासारखी बोलते. पुढं तिच्या बोटांना संधिवात धरला. सांधे सुजून बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी झाली. डबे उचलवेनात, सुईत दोरा ओवायचा तर सोडाच, मिठाची चिमूटही धरता येईना. डंक सुनेच्या हातात गेला. सून तो चांगला चालवते आणि आत्याला नेमकं तेच सोसत नव्हतं. आतल्या खोलीत बसून ती ओरडायची, "अगं, ओली हाय ती मिरची, परत घाल उन्हात!" सून बाहेरून ओरडायची, "बघितलीया मी, आत्ती!" दिवसभर हेच. दोघींचीही चूक नव्हती आणि दोघींनाही तो आवाज नको झाला होता.

त्यातून सुटायला आत्याला एकच जागा उरली होती. ती म्हणजे नदी.

पंचगंगेवर कसबा बावड्याच्या बाजूला बंधारा आहे. तिथं ती पूर्वीपासून गळ टाकायला जाते. आधी नुसती बांबूची काठी होती. नंतर शाहूपुरीतल्या एका दुकानात काचेमागं रील लावलेली काठी दिसली आणि ती घेऊन आली. ज्यांनी रील हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रील हे काठीखाली लटकणारं छोटं यंत्र. हँडल फिरवलं की तंगूस, म्हणजे गळाचा तो नायलॉनचा दोरा, फिरकीवर गुंडाळला जातो. त्याच्या पोटाखाली एक बारका खटका असतो. तो बंद केला की हँडल फक्त सुलटं फिरतं, म्हणजे दोरा आत घ्यायच्या बाजूला. उलटं फिरत नाही. याला अँटी-रिव्हर्स म्हणतात. मग मोठा मासा लागला आणि ओढत पळाला तर त्याला दोरा द्यायचा कसा? त्यासाठी फिरकीच्या तोंडावर एक चकती असते, तिला ड्रॅग म्हणतात. ती किती घट्ट ठेवायची ते चिमटीत फिरवून ठरवायचं. मासा त्याहून जोरात ओढायला लागला की फिरकी कर्रर्र करत घसरते आणि दोरा सुटतो.

ही झाली एक रीत. दुसरी रीत अशी की खटका उघडाच ठेवायचा. हँडल दोन्हीकडं फिरतं. मासा पळायला लागला की आपण हातानं हँडल उलटं फिरवत त्याला दोरा द्यायचा, तो दमला की सुलटं फिरवून परत घ्यायचा. चकतीचं काम आपला तळहात करतो. मासा कधी जोर लावतोय, कधी थांबलाय, कधी नुसतं डोकं झाडतोय, ते सगळं मनगटात येतं. धोका इतकाच की हात सुटला तर हँडल भिरभिरतं आणि बोटांवर आपटतं.

आत्या ही दुसरी रीत वापरते. तिनं ती निवडली नव्हती. रील घेतलं तेव्हा खटका उघडा होता आणि माहितीचा कागद कुठल्यातरी परक्या भाषेत होता. तिला वाटलं, सगळी रीलं अशीच असतात. ती तशीच शिकली. एकदा रील पुसताना तो खटका मला दिसला. मी मोठ्या ऐटीत दाखवलं, "आत्या, हे बघ. हे असं बंद केलं की हँडल उलटं फिरत नाही."

तिनं एकदा फिरवून बघितलं. अडलं. "मग बंद कशापायी करायचं?"

मी खटका परत उघडून ठेवला. 

संधिवात आल्यावर तर दुसरा रस्ताच उरला नाही. चकती फिरवायला चिमूट लागते आणि तिची चिमूट गेलेली. हँडलला मात्र चिमूट लागत नाही. तळहाताचा उशीसारखा भाग त्यावर ठेवून ती ते मागंपुढं फिरवू शकते. म्हणजे हिशोब सरळ होता. खटका उघडा तर आत्या नदीवर, खटका बंद तर आत्या आतल्या खोलीत, डंकाची धडधड ऐकत.

आता तो गोंद घालणारा ज्या मंडळातला, त्या मंडळाकडं येते. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही.

दर रविवारी सकाळी बंधाऱ्यावर एकाच रंगाचे बनियनसारखे टी-शर्ट घातलेली माणसं चारचाकी गाड्यांतून उतरतात. त्यांना मासेमार म्हटलेलं आवडत नाही, अँगलर म्हणायचं. टी-शर्टच्या पाठीवर माशाचं चित्र. मासा कसला, असला मासा या नदीनं कधी बघितला नसेल. त्यांच्याकडं रबराची गांडुळं असतात, खऱ्या गांडुळांना हात लावायची किळस येते. ते मासा धरतात, त्याला छातीशी घेऊन फोटो काढतात, काहीजण त्याच्या डोक्याचा मुका घेतात आणि परत सोडतात. याला ते माशावरचं प्रेम म्हणतात. ओठातून लोखंड आरपार गेलेल्या जिवाला मुका घेतल्यानं काय बरं वाटत असेल, ते मासाच जाणे. आत्या मासा घरी नेते, साफ करते, चटणी लावून तळते आणि खाते. तिच्याकडं बघून हे लोक 'अरेरे' असा चेहरा करतात. दुपारी गाड्या निघून जातात. खाली चिप्सची पाकिटं राहतात, ती केंदाळात, त्या हिरव्या जलपर्णीत, अडकून आठवडाभर तरंगत असतात. मंडळाच्या फोटोंखाली 'नदी आपली आई' असं लिहिलेलं असतं.

या मंडळाचे प्रमुख म्हणजे सर. राजारामपुरीत त्यांचा क्लास आहे. सर कुणाशी बोलत नाहीत, समजावून सांगतात. त्यांना 'नमस्कार' म्हटलं तरी ते नमस्काराचे प्रकार सांगतील अशी भीती वाटते. आत्याला पहिल्यांदा हँडल उलटं फिरवताना बघितलं तेव्हा ते आपली खुर्ची सोडून उठून आले.

"मावशी, टेक्निक चुकतंय तुमचं."

आत्याच्या गळाला चिलापी होती. ती काठी न हलवता म्हणाली, "व्हय? माशाला सांगा की. त्यो तर आलाय."

"नाही, आलाय तो नशिबानं. हे बघा, रील बनवताना इंजिनिअरनं ड्रॅग दिलाय ना? मग तो कशासाठी दिलाय?"

"तुमच्यासाठी."

मागं उभे असलेले मंडळातले दोघं हसले. सरांना ते समजलं नाही, किंवा समजूनही त्यांनी तास चालू ठेवला. "आता समजा मासा मोठा असला. हात सुटला. हँडल फिरून बोटं तुटली तर? या वयात? सेफ्टी फर्स्ट, मावशी."

"मास्तर," आत्या म्हणाली. तिनं मास्तर म्हटलं की समजायचं, ती आता रंगात आली. "डंकाखालनं हात काढत काढत मी म्हातारी झालो. मुसळ चुकवायला जमलं, हे टिकलीएवढं हँडल चुकवायला न्हाय जमायचं?"

आमच्याकडच्या बायका 'झालो, आलो' असंच बोलतात. सर तेही सुधारतात की काय असं मला वाटलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि माझ्याकडं वळले. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही समजावा त्यांना."

शिकलेल्या म्हणजे आपल्या बाजूच्या, असं त्यांनी धरून टाकलं होतं. क्लासवाल्यांचं हे मला कायम आवडत नाही. मी म्हटलं, "सर, तिच्या बोटांत चकती फिरवायची ताकद नाही. तिची रीत तिला पुरते."

"म्हणूनच म्हणतोय," सर म्हणाले. "म्हणूनच. आधीच सेट करून ठेवायचा ड्रॅग."

"मासा किती जोराचा येणार, हे आधी कसं कळायचं?" आत्यानं विचारलं. "पत्र पाठवतोय का त्यो?"

पुढच्या एका रविवारी हँडल खरंच तिच्या बोटांवर आपटलं. सांध्यावरची कातडी सोलली. तिनं दोन शिव्या दिल्या, बोट तोंडात घातलं आणि परत गळ टाकला. पण सरांनी ते बघितलं होतं. अशा माणसांना दुसऱ्याला लागलेलं फार उपयोगी पडतं.

त्यानंतरच्या रविवारी थंडी होती. आम्ही गळ पाण्याबाहेर घेतला, काठी दगडाला टेकवली आणि वर रस्त्यावर चाचांच्या गाड्यावर चहाला गेलो. चाचा अनेक वर्षं तिथंच आहेत. आत्याला न विचारता आल्याचा चहा देतात, आणि मला या लेखाच्या पहिल्या ओळीची आठवण करून देऊ नका. ते तिला ओळखतात, विचारून विचारूनच इथवर आलेत. चहा पिऊन परत आलो. सर आमच्या काठीजवळून आपल्या खुर्चीकडं जात होते. आत्यानं गळाला कणकेत मळलेल्या शेंगदाणा पेंडीची गोळी लावली, मी गळ लांब पाण्यात फेकला कारण फेकायचं काम माझं, दोरा ताणला आणि काठी तिच्या हातात दिली. गळ टाकताना हँडल सुलटंच फिरतं. त्यामुळं आम्हाला दोघींनाही काही कळलं नाही.

बराच वेळ गेला. मग काठीचं टोक असं वाकलं की आत्याची चप्पल चिखलात एक वीत सरकली.

"कटला!" ती ओरडली. कटला म्हणजे मोठ्या डोक्याचा, ताकदीचा मासा. बंधाऱ्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. तिनं तळहात हँडलवर दाबला आणि मागं ढकलला. हँडल हललं नाही. तिनं परत ढकललं. "अगं, अडकलंय काय हे?" मी खाली वाकून बघितलं. खटका बंद होता. मी अंगठ्यानं ढकलला. तो दगडासारखा होता, आणि त्याच्या कडेला पांढरट काहीतरी वाळलेलं. मासा ओढतच होता. मी चकती फिरवायला गेले, पण ती इतक्या वर्षांत कुणी फिरवली नव्हती, गंजून बसलेली. काठी कमानीसारखी झाली. आत्या हँडलवर तळहात आपटत होती, पुन्हा पुन्हा, दार कुणी बाहेरून लावून घेतल्यासारखी.

दोरा तुटला. काठी एकदम सरळ झाली आणि आत्या मागं माझ्या अंगावर बसली.

मासा तोंडात गळ घेऊन गेला. पाण्यावर नुसता एक गोल उठला.

सर तोवर आले होते. "मावशी, ड्रॅग सैल ठेवायचा ना," ते म्हणाले. मग माझा अंगठा कुठं आहे ते त्यांनी बघितलं आणि मोठ्या समाधानानं सांगितलं, "ते मीच बंद केलंय. त्या दिवशी लागलं ना तुम्हाला? थेंबभर गोंद घातला. आता हँडल कधीच उलटं यायचं नाही. एकदम सेफ."

आत्या काहीच बोलली नाही. माझ्या आयुष्यात ती गप्प बसलेली मी बघितलीच नव्हती, तेव्हा मला आधी वाटलं, पडताना तिला लागलं. मी ओरडायला सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. 'हिंमत कशी झाली' हे होतं, 'तुमच्या बापाचं आहे का' हेही होतं. सर म्हणाले, "आवाज कशाला चढवताय? मी चांगल्यासाठीच केलं ना?" मंडळातला एकजण म्हणाला, "ताई, सर सीनियर आहेत." जणू सीनियर माणसाचा गोंद वेगळा असतो.

मी इथं थांबून सांगते, की वाईट करणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. घरातच शिकले. पण 'चांगल्यासाठी' करणारा माणूस भांडणातसुद्धा उतरत नाही, तो तुमच्याकडं दयेनं बघतो. माझ्या मनात त्या माणसाबद्दल दया नाही. त्यानं एका बाईचा रविवार चिकटवून टाकला आणि त्याला त्याचं कौतुक हवं होतं.

आत्यानं काठी उचलली. घरी जाईपर्यंत रिक्षात ती बाहेर बघत होती. दारात डंक चालू होता. आत जाऊन तिनं काठी दाराआड उभी केली आणि पहिल्यांदाच मिरचीबद्दल काही बोलली नाही. सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, "आत्तींना काय झालंय? बरं न्हाय का?" ती खरोखरच घाबरली होती.

पुढच्या आठवड्यात मी तिला शाहूपुरीत त्याच दुकानात नेलं. म्हटलं, नवीन रील घेऊ. दुकानदारानं काचेवर चकचकीत रीलं मांडली. आत्यानं एकेक उचलून हँडल तळहातानं मागं ढकलून बघितलं. एकही फिरेना. तिनं रील उलटं करून पोट बघितलं.

"ह्याचा खटका कुठाय?"

"मावशी, आता खटका येत न्हाय. नव्या मालाला काढून टाकलाय."

"का?"

"कोण वापरत न्हाय की."

"मी वापरतो."

"तुमी सोडून कोण न्हाय."

"मग माझ्यापुरता एक ठिवायला काय झालतं?"

दुकानदार हसला. "तसं न्हाय ओ. त्या भोकातनं आत पाणी जातंय. म्हणून बुजवलंय."

"माझ्या गुडघ्यातबी पाणी झालंय," आत्या म्हणाली. "मला बुजवा."

दुकानातले सगळे हसले, तीही हसली, आणि तसंच रिकाम्या हातानं आम्ही बाहेर पडलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आता सगळीच चिकटून येत्यात." या वाक्यानं आलेला माझा राग अजून गेलेला नाही. एक माणूस थेंबभर गोंद घालतो, तेव्हा त्याला नाव ठेवता येतं. पण वस्तू जन्मालाच चिकटून आली, की भांडायचं कुणाशी? पाणी जाऊ नये म्हणून बुजवलं, हे कारण मला मान्य आहे. रील जास्त टिकत असेल. पण 'कोण वापरत न्हाय' हे कारण मला मान्य नाही. कोण वापरतं, हे आत्याला कुणी विचारायला आलं नव्हतं.

मग मी मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. एका पानाचं. वर मोठ्या अक्षरात 'जाहीर निषेध', खाली घडलेली हकीकत, सरांचं नाव न घालता, कारण नाव घातलं की भांडण एका माणसाशी उरतं. चाचांच्या गाड्यावर चिकटवायला गेले. चाचांनी वाचलं, म्हणाले, "बेटी, चिकटव. पर गाड्यावर नको, किटलीवर. लोक किटलीकडं बघत्यात." मंडळाच्या मोबाईलवरच्या ग्रुपात कुणीतरी त्याचा फोटो टाकला. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली, एक हसणारा चेहरा आला. सरांनी लिहिलं, 'टीका पॉझिटिव्ह घ्यावी.' कुणीही, अगदी कुणीही, आत्याला विचारलं नाही की मावशी, आता मासे कसे धरता?

गोंद शेवटी सुनेनं काढला. नेलपॉलिश काढायच्या औषधानं असला गोंद सुटतो, हे तिला कुठून माहीत ते तिनं सांगितलं नाही. डंक बंद करून ती दुपारी आतल्या खोलीत आली, बाटली उघडली, कापूस भिजवला आणि म्हणाली, "आणा इकडं, आत्ती." मी सुई घेऊन बसले. आत्या डोक्यावर बसून दोघींना सूचना देत होती, "हळू! प्लास्टिक हाय ते!", आणि मला त्या आवाजानं इतकं बरं वाटलं की मी उगाच चुका केल्या. खटका थोडा हलला. मग अजून थोडा. मग उघड्या बाजूला सरकला आणि कट् करून मोडला. टोक कापसात पडलं.

 सुनेचा चेहरा उतरला. आत्यानं रील हातात घेतलं, तळहात हँडलवर ठेवला आणि मागं ढकलला. फिरलं. पुढं ढकलला. फिरलं. मी म्हटलं, "आत्या, पण आता हे बंद करता यायचं नाही. कधीच. गळ पाण्यात असताना काठी सोडून चहाला जाता यायचं नाही."

"मग चा खाली मागवू," ती म्हणाली. सून हसली, आत्यानं तिच्याकडं बघून विचारलं, "येतीस का रविवारी? डंक राहू दे एक दिवस बंद." सून नाही म्हणाली, डंक बंद ठेवून कसं चालेल. पण जाताना तिनं तो मोडलेला तुकडा उचलून देवळीत ठेवला.

रविवारी आत्या बंधाऱ्यावर गेली. काठी तिनं एकदाही खाली ठेवली नाही. तळहात हँडलवर. चहा चाचांनी खाली आणून दिला आणि मी तो तिच्या तोंडाला लावला. सर लांबून बघत होते, त्यांना जवळ यायचा मोह होत असावा. उन्हं चढल्यावर एक कटला लागला, मोठा नव्हे, मधला. तो पळाला तसं हँडल तिच्या तळहाताखाली उलटं फिरत गेलं, भरभर, मग सावकाश, मग थांबलं. तिनं सुलटं घेतलं. तो परत पळाला. तिनं परत दिलं. तिचे ओठ हलत होते, माशाशी काहीतरी बोलत होती, या वेळी हळू आवाजात. मासा काठाला आला तेव्हा दोघंही दमले होते.

सर मोबाईल घेऊन धावत आले. आत्या मासा पिशवीत टाकायच्या आत त्यांनी फोटो काढला. संध्याकाळी तो मंडळाच्या ग्रुपात आला. खाली लिहिलं होतं, 'नाद खुळा! आमच्या सीनियर मेंबर मावशी. योग्य मार्गदर्शन मिळालं की वय आड येत नाही.'

आत्याला मी ते वाचून दाखवलं. ती मासा साफ करत होती. म्हणाली, "त्याला म्हणावं, डोकं मी खाल्लं. मुका घ्यायला काय उरलं न्हाय."

मी उत्तर टाकलं नाही. ग्रुपात टाकण्याजोगं नव्हतं. त्याऐवजी तुम्हाला लिहिते.

तुमच्याकडं रील असेल तर आज ते उलटं करून पोटाखाली बघा. खटका असेल तर उघडा, आणि एक मासा, एकच, आपल्या हातानं मागंपुढं फिरवून आणा. खटका नसेल तर ज्या दुकानातून घेतलं तिथं जाऊन विचारा, आमचा खटका कुठं गेला, आणि 'कोण वापरत न्हाय' असं उत्तर आलं तर सांगा, 'आम्ही वापरतो.' दुकानदाराला ते आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची गरज आहे. आणि नदीवर तुमच्या शेजारी एखादी बाई हँडल उलटं फिरवताना दिसली, तर तुमच्या खिशात गोंद असला तरी हात खिशातच ठेवा.